आमच्याकडे कोणाला उठवत नाहीत

झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. नियम मी केलेला आणि पाळायचो तोही मी एकटाच. बायकोला तो कधीच पटला नाही. ती म्हणायची, "तुमचा नियम कंपनीत लावा. इथे साडेसहाला रिक्षावाले काका येतात." त्यामुळे मुलीला शाळेसाठी उठवायचं काम तिचं. मी तोवर स्वयंपाकघरात चहा टाकायचो आणि आतून "ऊठ गं, ऊठ ना" ऐकू आलं की मला मनापासून वाईट वाटायचं. पहिली ते बारावी, एवढ्या वर्षांत मी लेकीला एकदाही उठवलं नाही. हे मी अभिमानानं सांगायचो. अंबडच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे, तिथल्या कँटीनमध्ये तर इतक्यांदा सांगितलं असेल की मी बसलो की लोक मुद्दाम जांभया द्यायचे.

या नियमाचं कारण म्हणजे नाना, माझे वडील.

नानांची मखमलाबादच्या पुढे फुलशेती. झेंडू, शेवंती, बांधाकडेला थोडा गुलाब. फुलाचा धंदा पहाटेचा. ऊन चढायच्या आत तोडायचं आणि माल ताजा असतानाच फुलबाजारात पोचवायचा, नाहीतर गिऱ्हाईक तोंड फिरवतं. म्हणून साडेचारला नाना आमची गोधडी ओढायचे. हाक एकच. दुसरी हाक म्हणजे तांब्यातलं पाणी. "ऊठ रे! ऊन काय तुझ्या बापाचं ऐकतं का?" असं ते ओरडायचे. बाप तर तेच, त्यामुळे या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं ते मला कधी कळलं नाही. 'लवकर निजे, लवकर उठे' ही म्हण आमच्या घरात अर्धीच पाळली जायची. लवकर निजायला कोणी सांगत नव्हतं.

सणाला लोक नवे कपडे घालायचे, आम्ही फुलं विकायचो. दसऱ्याला दुपारपर्यंत रस्त्याकडेला पोत्यावर बसून असायचो आणि संध्याकाळी सोनं द्यायला कोणाच्या घरी गेलो की तिथल्याच खुर्चीत मान टाकायचो. शाळेत मास्तर मला 'फुलवाले' म्हणायचे. "फुलवाले, उठा, भूगोल आला." सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो, दुसरं काय करणार.

दहावीच्या वर्षी एकदा माझ्या अंगात ताप होता. नानांनी गोधडी ओढली, मी सांगितलं अंग तापलंय म्हणून. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिलं नाही. मी दोन क्रेट झेंडू तोडला आणि बांधावर बसून ओकलो. नाना आले, पाणी दिलं, मी चूळ भरेपर्यंत उभे राहिले आणि म्हणाले, "झालं? चल." एवढंच. त्या दिवशी त्यांच्यामागून चालताना मी ठरवलं की आपण कोणालाही असं उठवायचं नाही. माणूस चौदा-पंधराव्या वर्षी बरंच काही ठरवतो आणि विसरतो. मी हे विसरलो नाही.

पुढे आयटीआय केलं, नोकरी लागली, लग्न झालं, पाथर्डी फाट्याला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यात ती गाढ झोपली होती. नातेवाईक बघायला यायचे आणि गालाला बोट लावून तिला जागं करायचे. मी दारातच उभा राहून सगळ्यांना दटावत होतो. "आमच्याकडे कोणाला उठवत नाहीत," हे वाक्य मी पहिल्यांदा तिथे म्हणालो.

उठवणं ही फक्त सुरुवात. मुळात मला तिच्यावर काहीच लादायचं नव्हतं. तिनं मला 'तू' म्हणावं, हा माझाच हट्ट. मी अजून नानांना 'तुम्ही' म्हणतो आणि तेही खाली बघून. तिच्या प्रत्येक प्रश्नाला माझं एक उत्तर ठरलेलं होतं, "तुझं तू ठरव." ती सहा वर्षांची असताना मेन रोडला तिच्यासाठी चप्पल घ्यायला गेलो. एक लाल, एक निळी. ती माझ्याकडे बघायची, मी म्हणायचो, "तुझं तू ठरव." पाऊण तास गेला. शेवटी ती रडायला लागली. "पप्पा, तू सांग ना." मला हसू आलं. सांगणं मला सहज शक्य होतं, पण मी सांगितलं नाही. दुकानदारालाच दया आली आणि त्यानं लाल जोड पिशवीत घातला. ती चप्पल तिनं फारशी घातली नाही. हा किस्साही मी कँटीनमध्ये गंमत म्हणून सांगायचो.

बायको म्हणायची, "लाड करणं वेगळं आणि मोकळं सोडून देणं वेगळं." मी तिला मोबाइलवर आलेले पालकत्वाचे फॉरवर्ड वाचून दाखवायचो. मुलं ही आपली मालमत्ता नाही, वगैरे. ती भाजी निवडत ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "यात तिला दात घासायला कोणी लावायचं ते लिहिलंय का?"

मुलीच्या मैत्रिणी घरी आल्या की म्हणायच्या, "तुझे पप्पा काहीच बोलत नाहीत? लकी आहेस यार." ती हसायची. मीही आतल्या खोलीत बसून हसायचो. अकरावीत असताना एकदा ती संध्याकाळी सहाला येते म्हणून गेली आणि साडेआठला आली. मी टीव्ही बघत होतो. विचारलं नाही. ती दप्तर खांद्याला तसंच ठेवून बराच वेळ तिथेच उभी राहिली. मग आपणहून म्हणाली, "मी कॉलेज रोडला होते." मी म्हणालो, "मी विचारलं का?" मला वाटलं, यापेक्षा प्रेमानं कोणता बाप बोलेल! ती आत निघून गेली. तिला त्या दिवशी काय ऐकायचं होतं, हे मला पुढे दीड वर्षानं कळलं.

बारावी झाली. फार्मसीला जायचं, तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. फार्मसी तिनंच ठरवलेली, अर्थातच. परीक्षेच्या आठवड्यात सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि बायकोला तातडीनं नांदगावला जावं लागलं. निघताना तिनं सगळं नीट लावून दिलं. हॉल तिकीट, ओळखपत्र, दोन पेनं एका पारदर्शक पाकिटात घालून टीव्हीजवळ ठेवली. मला दारात म्हणाली, "त्या दिवशी तेवढं उठवा हं तिला. एक दिवस मोडा तुमचा नियम." मी हो म्हणालो. ती एसटीनं गेली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवताना मुलगी म्हणाली, "पप्पा, मला नाही वाटत मला जमेल. फिजिक्स काहीच आठवत नाही. मी परीक्षाच नाही दिली तर?"

मी घास खाली ठेवला. मनात म्हटलं, हीच ती वेळ. इथे नाना असते तर काय बोलले असते ते मला पाठ होतं. मी ते बोललो नाही. म्हणालो, "तुझं तू ठरव. जे ठरवशील त्याला माझी ना नाही."

 तिनं ताट उचलून ओट्यावर ठेवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. मी भांडी घासताना चक्क शीळ वाजवत होतो.

मला आजही पाचच्या पुढे झोप लागत नाही. नानांनी अंगात घड्याळ बसवून दिलंय, ते बंद पडत नाही. त्या दिवशीही पाचला उठलो. चहा केला. खाली जाऊन स्कूटर पुसली, पेट्रोल आदल्या दिवशीच भरलं होतं. केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, आडगावच्या बाजूला. साडेसातला पोचायचं आणि साडेआठला गेट बंद. म्हणजे पावणेसातला तरी निघायला हवं. सहा वाजले, तिचं दार बंद. सव्वासहा वाजले. पोह्यांसाठी कांदा चिरून ठेवला.

साडेसहाला मी तिच्या दारापाशी गेलो. टकटक करायला हात वर केला. खरं सांगतो, हात दाराला टेकला नव्हता तोच मला गोधडी आठवली. अंगावरून सर्रकन निघून जाणारी ती ऊब. आणि मनात आलं, तिनं काल सांगितलंच आहे की नाही द्यायची. तिनं ठरवलंय. आता आपण दार वाजवणं म्हणजे कालचा शब्द फिरवणं. आपण नाना नाही. मी हात खाली घेतला आणि परत येऊन खुर्चीत बसलो.

पावणेसातला बायकोचा फोन आला. "उठली का?"

"हो," मी म्हणालो.

का म्हणालो ते मला सांगता येत नाही. नाही म्हटलं असतं तर तिनं फोनवरून उठवलं असतं आणि सगळं मिटलं असतं. "दही-साखर दिलं का हातावर?" तिनं विचारलं. मी त्यालाही हो म्हणालो.

सात वाजले. साडेसात. साडेआठ वाजून गेल्यावर मला हलकं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. उलट थोडा अभिमानच वाटत होता. म्हटलं, किती बाप एवढं सोसतील?

पावणेनऊला दार उघडलं. ती बाहेर आली. केस विंचरलेले, वेणी घातलेली, अंगावर परीक्षेसाठी इस्त्री करून ठेवलेला पांढरा ड्रेस, पाठीला चुरगळलेला. डोळे झोपेतून उठलेल्या माणसाचे नव्हते.

"पप्पा, तू उठवलं का नाहीस?"

"तू झोपली होतीस ना? काल म्हणालीस ना, नाही द्यायची?"

"मी पाचपासून जागी आहे. तयार होऊन बसले होते."

"मग आलीस का नाही बाहेर?"

"भीती वाटत होती," ती म्हणाली. "म्हटलं, पप्पा हाक मारेल. एकदा मारली की मग जाईन. तू आलास दारापर्यंत. दाराखालच्या फटीतून तुझे पाय दिसले मला. मी उठून उभी पण राहिले. आणि तू परत गेलास."

 ती टीव्हीजवळ गेली, ते पाकीट उचललं, हॉल तिकीट बाहेर काढून त्यावरचा स्वतःचा फोटो पाहिला आणि परत आत ठेवलं. रडली नाही. मला वाटत होतं तिनं रडावं, ओरडावं, काहीही करावं. "कांदा कशाला चिरलास?" एवढं विचारलं तिनं.

बायको दुसऱ्या दिवशी आली. मी भांडणाच्या तयारीत होतो. तिनं चप्पल काढली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुम्ही मला 'हो' म्हणालात."  त्यानंतर ती मला कुठलीही गोष्ट दोनदा विचारून घेते. गॅस बंद केला का, म्हणून विचारते आणि मी हो म्हटलं तरी जाऊन बघते.

आठवड्याभरानं मुलगी म्हणाली, "मी एक वर्ष थांबते. पुढच्या वर्षी देते. पण मी नानांकडे राहीन."

मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. "नानांकडे? अगं, पहाटे गोधडी ओढतात ते. ताप असला तरी..."

"माहितीये मला. शंभरदा सांगितलंयस."

"मग?"

"तिथे हाक तरी मारतात," ती म्हणाली.

मी नानांना फोन केला. मनात आशा होती की ते नाही म्हणतील. म्हातारपणी कशाला जबाबदारी, असं काहीतरी. ते म्हणाले, "येऊ दे की. तिची खोली झाडून घेतो." मला त्या घरात कधी खोली नव्हती.

ती गेली. तिनं न्यायच्या वस्तूंची यादी केली, आईनं बॅग भरली, मी स्कूटरवरून सोडून आलो. परत आल्यावर लक्षात आलं की पाचला उठून मी दबक्या पावलांनी चालतो, भांड्याचा आवाज होऊ देत नाही, नळ हळू सोडतो. आता न उठवायला घरात कोणी नव्हतं. बायकोचं नांदगावला जाणं वाढलं होतं, सासूबाईंचं दुखणं लांबलं. कित्येक सकाळी मी एकटाच दोन कप चहा करायचो आणि एक ओतून द्यायचो. कँटीनमध्ये मी गप्प बसायला लागलो. एकानं विचारलं, "काय, मुलगी उठली का?" तो नेहमीसारखाच बोलला होता, पण मी ताट तसंच टाकून बाहेर गेलो.

दर रविवारी मी तिला भेटायला जायचो. तिची बोटं झेंडूनं काळी-हिरवी झालेली असायची. पहाटे दोन तास तोडणी, मग दिवसभर अभ्यास. नानांना इंग्रजी वाचता येत नाही, पण घड्याळ वाचता येतं. तीन तासांचा पेपर ती सोडवत बसली की ते समोर खाटेवर तीन तास बसून राहायचे. मध्ये ती मोबाइलला हात लावायला गेली की खाकरायचे. ती त्यांच्यावर चिडायची, दार आपटायची, "तुमच्यामुळे डोकं दुखतंय माझं" म्हणायची. ते म्हणायचे, "डोकं हाय तर दुखंल." मग ती हसायची. माझ्यावर ती कधीच चिडली नव्हती. मला वाटायचं, हे माझं यश आहे.

नानांचं बरोबर होतं असं मी आजही म्हणणार नाही. माझा तो ताप खरा होता. बांधावर बसलेलं पोर मी विसरू शकत नाही आणि विसरायची इच्छाही नाही. पण न उठवून मी त्यांना जे परत केलं, ते त्यांच्या अंगावर न पडता तिच्या अंगावर पडलं, हे मला तिथे बसून दिसायचं. तिनं पुढच्या वर्षी परीक्षा दिली, आता ती पुण्यात फार्मसी शिकते आणि बरी शिकते. फोन करते. काय घेऊ, कुठे जाऊ, असं मात्र ती मला आता विचारत नाही. विचारते ते नानांना.

मला सांगायचंय ते ती नानांकडे होती त्या वर्षीच्या दसऱ्याच्या आदल्या दिवसाचं. झेंडूची गडबड असणार म्हणून मी रजा टाकून शनिवारीच मदतीला गेलो. बायको नांदगावला होती. जेवणं झाली आणि पुढच्या खोलीत नानांनी माझ्यासाठी सतरंजी टाकली. मी इतक्या वर्षांनी त्या घरात झोपलो. मनाशी म्हटलं, उद्या तिघं मिळून तोडू. लेकीच्या शेजारच्या ओळीत आपण तोडायचं आणि तिला विचारायचं, त्या दिवसाबद्दल, आणखीही काही. सवयीनं साडेचारलाच जाग आली. पण उठलो नाही. म्हटलं, नाना येतील.

नाना आले. आधी आतल्या खोलीकडे गेले. दारावर काठी आपटली. "ए बाई, ऊठ. ऊन काय तुझ्या आज्याचं ऐकतं का?"

"नाना, पाच मिनिटं!"

"पाच मिनिटांत काय सपान बघती? ऊठ, चहा झालाय."

ती बडबडत उठली. चुळा भरल्याचा आवाज, कपबशांचा आवाज. क्रेट ओट्यावर ओढले जात होते. मी गोधडी तोंडावर घेऊन पडून होतो. हसू येत होतं मला. आता माझी पाळी. पन्नाशीचा माणूस मी, आणि गोधडी ओढली जायची वाट बघत होतो.

पावलं माझ्यापाशी येऊन थांबली. दोघांचीही.

"पप्पाला उठवू?" तिनं विचारलं.

 नाना आवाज खाली आणून म्हणाले, "नको. झोपू दे त्याला. त्याला उठवल्यालं नाय आवडत."

"पण तो मदतीला आलाय ना?"

"असू दे. ल्हानपणी लय उठवलं मी त्याला. आता नको."

त्यांनी माझ्या पायांवरून सरकलेली गोधडी नीट केली. एवढ्या हळू, की मी खरोखरच झोपेत असतो तर मला कळलंही नसतं. मग दार ओढून घेतल्याचा आवाज आला. बांधाकडे जाताना ती त्यांना काहीतरी सांगत होती आणि ते हसत होते.

मला उठून मागोमाग जाता आलं असतं. नुसतं "मी जागा आहे" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मला ते जमलं नाही. मला त्यांच्यातल्या एकानं तरी हाक मारायला हवी होती. खिडकीतून ऊन आत येऊन माझ्या तोंडावर पडेपर्यंत मी तसाच पडून राहिलो. कोणी आलं नाही.